वंशावळीतली तुटक रेघ

वसंत पंचमीच्या सुमारास घोरपडे आडनावाचे एक गृहस्थ मुधोळला आले. नातवाचा अक्षराभ्यास बासरला करायचा, बासरहून मुधोळ जवळच, तेव्हा आपलं मूळ गावही बघून घ्यावं असा त्यांचा बेत. कोणीतरी माझा नंबर दिला होता. "संस्थानचा वाडा कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं. मला हसू आवरेना. म्हटलं, "साहेब, तुमचं मुधोळ इथून सरळ रेषेत चारशे किलोमीटरवर, बागलकोट जिल्ह्यात. हे मुधोळ वेगळं." हा घोळ आमच्या गावाला नवा नाही. मागे एकाने मुधोळी कुत्र्याचं पिल्लू इथे मिळेल का म्हणून फोन केला होता.

माणूस दिलदार निघाला. चहा घेतला, पिशवीतून गुंडाळलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. बारा पिढ्यांची वंशावळ, संगणकावर सुबक छापलेली. सहाव्या पिढीवर एक रेघ मात्र तुटक होती. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे दत्तक. म्हणजे यांच्याखालचे आम्ही सगळे रक्ताने घोरपडे नव्हेच ना? मग वरच्या पाच पिढ्या माझ्या म्हणू की नको?"

"अहो, असं काय म्हणता," असं काहीतरी मी पुटपुटलो. ते काही उत्तर नव्हतं. उत्तर शोधायचं म्हणून मुधोळ, भैंसा, तानूर, कुबीर, लोकेश्वरम या भागातल्या घराण्यांची जी टिपणं आपल्या मंडळात वाचली गेली, ती मी पुन्हा ओळीने वाचून काढली. माझं स्वतःचंही त्यात आहे. वाचून जे वाटलं ते स्पष्ट लिहितो. कुणाला बोचलं तर पहिली टोचणी मलाच लागली आहे, एवढं ध्यानात घ्यावं.

या टिपणांचा साचा छापील कुलवृत्तांतांवरून आलेला आहे. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, वतन, शाखा, शेवटी वंशावळीचा तक्ता. मधे कुठेतरी 'आमच्या धमन्यांत वाहणारं पूर्वजांचं रक्त' अशा अर्थाचं एक वाक्य हमखास. आणि तक्त्यात काय असतं? बापाखाली मुलगा, त्याच्याखाली मुलगा. मुली बहुधा नसतातच. सुना असल्या तर नवऱ्याच्या चौकटीत, बारीक अक्षरात, माहेरच्या आडनावाशिवाय.

आता साधं गणित करा. आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, त्यांचे आई-बाप आठ. दहा पिढ्या मागे गेलं की १,०२४ जागा होतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत, त्यामुळे एकच माणूस दोन-दोन जागी बसतो आणि प्रत्यक्ष माणसं कमी भरतात, पण जागा तेवढ्याच. तक्त्यात त्यांतल्या किती दिसतात? एक. उरलेले १,०२३ गाळायचे आणि वर रक्ताचा अभिमान सांगायचा, हा कुठल्या शाळेतला हिशोब? आनुवंशशास्त्र तर त्याच्याही पुढे जातं. दहाव्या पिढीतल्या पूर्वजांपैकी साधारण निम्म्यांचा एकही तुकडा आपल्या गुणसूत्रांत उरलेला नसतो. सरळ बाप-मुलगा साखळीतून वाय गुणसूत्र तेवढं खाली येतं, तेही फक्त मुलग्यांत. म्हणजे कागदोपत्री बिनचूक, औरस, सनदशीर पूर्वजसुद्धा देहाने आपल्यात असेलच याची खात्री नाही.

मी पाटबंधाऱ्यांवर नोकरी केलेला माणूस, मला उदाहरण पाण्याचंच सुचतं. कंदकुर्तीला मांजरा आणि हरिद्रा गोदावरीला मिळतात, तिथून थोडं खाली बासर. बासरच्या घाटावर ओंजळीत घेतो त्या पाण्यात त्र्यंबकेश्वरचं किती? वाटेत पैठणला जायकवाडीने अडवलं, मग सिंदफणा आली, पूर्णा आली, मांजरा आली. हिशोब मांडला तर त्र्यंबकचा वाटा नगण्य भरेल. तरी नदीचं नाव गोदावरी, आणि ते खोटं नाही. नाव कुठून आलं ही एक नोंद, पाणी कुठून आलं ही दुसरी. आमच्या खात्यात या दोन गोष्टी कुणी एका वहीत लिहिल्या असत्या तर साहेबांनी वही तोंडावर फेकली असती. घराण्याच्या इतिहासात मात्र आपण नावाची वही उघडतो, तिच्यावर 'रक्त' असं लिहितो, आणि तुटक रेघ आली की गडबडतो.

गंमत अशी, की बासरची देवी ज्यांच्याशी जोडलेली त्या व्यासांच्या कथेत हा फरक अगदी उघड आहे. गोदावरीची वाळू मुठीमुठीने आणून त्यांनी सरस्वतीची मूर्ती घडवली, गावाचं नावही व्यासांवरून पडलं, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हेच व्यास कुरुवंशाचे जन्मदाते आजोबा. विचित्रवीर्य निपुत्रिक गेला, तेव्हा अंबिका आणि अंबालिका यांना नियोगाने व्यासांपासून धृतराष्ट्र आणि पांडू झाले. व्यास सत्यवतीचे खरे, पण शंतनूचे नव्हेत. पुढे पांडूचे पाचही पुत्र पांडूपासून झालेले नव्हेत. जन्माच्या हिशोबाने शंतनूचा वंश भीष्मापाशी थांबला. तरी कुरुवंशाची वंशावळ तुटक रेघेने काढलेली मी कुठे पाहिली नाही.

मनुस्मृतीत मुलग्यांचे बारा प्रकार दिले आहेत: औरस, क्षेत्रज, दत्तक, कृत्रिम, गूढज, अपविद्ध, कानीन, सहोढ, क्रीत, पौनर्भव, स्वयंदत्त, शौद्र. मनूबद्दल इतर जे म्हणायचं ते म्हणा (मला पुष्कळ म्हणायचं आहे), पण घरात मूल किती वाटांनी येतं याची जाण त्या यादीला आहे. आपल्या कुलवृत्तांतांत मुलग्याचे प्रकार दीड. औरस हा एक, दत्तक हा अर्धा.

रक्ताची बाजू मांडणारा थोर माणूसही आपल्याच शेजारचा. विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात. सपिंड म्हणजे एकाच देहाचे अंश ज्यांच्यात उतरले ते, असा अर्थ त्याने लावला, आणि ते अंश आईकडूनही उतरतात हे त्याने सोडलं नाही. बंगालच्या जीमूतवाहनाने वारसा ठरवताना पिंडदानाला महत्त्व दिलं. नातं देहाने ठरतं की कर्तव्याने, हा वाद म्हणजे काही डीएनए चाचणीबरोबर विमानाने आलेला नाही.

त्यानंतर नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख. घराणं मूळ पैठणचं, स्थायिक काशीला. महाराष्ट्राच्या परंपरेत विधवेला नवऱ्याची परवानगी नसतानाही दत्तक घेता येई आणि लग्न झालेला पुरुषही दत्तक जाऊ शके, त्यामागे या ग्रंथाचा आधार होता. दत्तकशास्त्रातला एक शब्द मला फार आवडतो: द्व्यामुष्यायण. दोन्ही बापांचा मुलगा. देताना-घेतानाच ठरायचं, की हा दोन्ही घरांचा वारस. असा मुलगा आपल्या तक्त्यात दाखवायला दोन सरळ रेघा काढाव्या लागतील. एकाही टिपणात तशा दोन रेघा मला दिसल्या नाहीत. असे दत्तक आपल्या भागात झालेच नाहीत, यावर मी विश्वास ठेवायला तयार नाही.

आता पाहुण्यांच्या मुधोळकडे वळू. तिथल्या घोरपडे घराण्याचा इतिहास दत्तात्रय विष्णू आपटे यांनी १९३४ साली प्रसिद्ध केला. बहमनी काळापासूनची म्हणून जी फर्मानं त्या संस्थानाकडे होती, ती त्यातून लोकांसमोर आली. त्यांच्या आधारे घोरपडे आणि भोसले हे एकाच सिसोदिया वंशाचे ठरत होते. फर्मानं अस्सल की नक्कल यावर इतिहासकारांत मोठा वाद झाला. मला त्या वादापेक्षा एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. भोसले-घोरपडे रक्ताचे भाऊबंद असं गृहीत धरलं, तरी त्या रक्ताने काय केलं? १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, त्यात मुधोळच्या बाजी घोरपड्याचा हात होता. पुढे शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्याला मारलं.

पुढची कडी कुलवृत्तांतात सहसा दिसत नाही, कारण ती एका लेकीतून जाते. कोल्हापूरच्या गादीवर १८६६ ते १८८४ या अठरा वर्षांत एकामागून एक तीन दत्तक आले. तिसरे राजर्षी शाहू. जन्मनाव यशवंतराव, वडील कागलचे जयसिंगराव घाटगे, दत्तकविधान १७ मार्च १८८४, राज्यारोहण २ एप्रिल १८९४. त्यांच्या आई राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांच्या घरातल्या. म्हणजे ज्या घराण्याने शहाजीराजांना दगा दिला, त्याच घराण्याच्या लेकीचा मुलगा शिवछत्रपतींच्या गादीवर बसला. आणि त्या गादीचं नाव गेल्या शतकात सर्वांत मोठं कुणी केलं असेल तर याच तुटक रेघेखालच्या माणसाने. पाहुण्यांना मी हे दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आमच्या तक्त्यात राधाबाई नाहीत." नसणारच. त्या मुलगी होत्या.

साताऱ्याची गोष्ट आणखी अडचणीची. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला वारले, मुलगा नव्हता. ताराबाईंनी सांगितलं की माझा नातू लपवून वाढवला आहे, तो रामराजा. खरा नातू कशावरून? ग्रँट डफ लिहितो, की ताराबाईंनी त्याच्याबरोबर जेवून तो आपलाच असल्याची शपथ घेतली. त्या काळची पितृत्व चाचणी ही अशी, एका पंक्तीला बसून होणारी. रामराजा गादीवर आला. वर्ष सरायच्या आत ताराबाईंनीच त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत घातलं आणि हा आपला नातू नव्हे, तोतया आहे असं जाहीर केलं. शपथही त्यांची आणि नकारही त्यांचाच. यातलं खरं कोणतं यावर आजही लोक हिरिरीने भांडतात. भांडोत. पण रामराजाच्या नावाने १७७७ पर्यंत कारभार झाला, वतनं दिली गेली, तंटे तुटले, आणि त्या कागदांवर कित्येक घराण्यांच्या वंशावळी उभ्या आहेत. त्याच्या मागून सातारा गादीवर दत्तकच आला. उद्या रामराजाच्या रक्ताचा निकाल लागला तरी त्या सनदा कोऱ्या होणार नाहीत.

मग दत्तकाला अर्धा मुलगा मानायची सवय लागली कशी? माझा तर्क असा, की तिची मुळं डलहौसीच्या काळात खोलवर गेली. १८४८ ला सातारा, पाठोपाठ नागपूर आणि झाशी खालसा झाली. ब्रह्मावर्तला नानासाहेबांची, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या दत्तकाची, आठ लाखांची पेन्शन बंद झाली. इथे एक चूक आपण सर्रास करतो. डलहौसीने दत्तक शास्त्राविरुद्ध आहे असं म्हटलेलं नव्हतं. खाजगी मालमत्तेपुरता दत्तक चालेल, राज्यासाठी आमची परवानगी हवी, असं त्याचं म्हणणं होतं. रक्ताचा प्रश्न नव्हताच, प्रश्न तिजोरीचा होता. १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या आणि प्रकरण मिटलं. पण 'दत्तक म्हणजे कुणीतरी नामंजूर करू शकेल असा मुलगा' ही धास्ती मात्र आपल्या मनात राहून गेली असावी.

आमच्याकडे, निजामाच्या राज्यात, डलहौसीचा हात पोचला नाही. पण वतनाच्या वारसासाठी चौकशी व्हायची, तिला विरासत म्हणत. घराण्याचा शजरा दाखल करावा लागे, आणि निकाल लागला की हातात मुंतखब पडे. मराठवाड्यातल्या नि आमच्या तालुक्यातल्या जुन्या वंशावळींचा मोठा भाग अशा शजऱ्यांतून आलेला आहे. तो वाचताना ध्यानात ठेवायला हवं, की हा कागद 'आमचे पूर्वज कोण' या प्रश्नाचं उत्तर नसून 'इनाम कुणाच्या नावावर लागावं' या प्रश्नाचं आहे. ज्याचा हक्क नाही, त्याचं नाव त्यात नाही. हीच गोष्ट तीर्थोपाध्यायांच्या वहीची. नाशिक-त्र्यंबकच्या नामावळीत ज्याने श्राद्ध केलं तो मुलगा. कुणापासून जन्मला हे वही विचारत नाही, तिला त्याचं कारणही नाही. आपण मात्र दोन्हीकडून नावं उचलतो आणि एकाच तक्त्यात चिकटवतो.

आणि आजचेही कागद तसेच आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळच्या कुणबी नोंदींचा शोध हैदराबादपर्यंत गेला. तेव्हापासून नांदेडकडच्या नातेवाइकांचे आम्हाला फोन येतात, कारण मुधोळ तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यातच होता. नोंद इकडे, गरज तिकडे. दाखल्यासाठी वंशावळ लागते ती बापाकडच्या रक्तनात्याची, प्रतिज्ञापत्रावर. गरज खरी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पन्नास वर्षांनी आपल्यासारखं एखादं मंडळ हीच प्रतिज्ञापत्रं इतिहास म्हणून वाचेल, आणि त्यातून कोण गळालं हे त्यांना कुणी सांगणार नाही.

१९५६ चं नाव निघालं म्हणून सांगतो. १ नोव्हेंबरला मुधोळ आदिलाबादला गेलं (आता २०१६ पासून निर्मल जिल्हा, पण आमच्या तोंडी अजून आदिलाबादच). बिचकुंदा आणि जुक्कल निजामाबादकडे गेले, किनवट तिकडे आलं. त्याच वर्षी, २१ डिसेंबरला, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू झाला. त्याचं बारावं कलम म्हणतं, की दत्तक गेल्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत नव्या घरचं, जुन्या घराशी संबंध संपला. फक्त एक गोष्ट राखून: जन्मघरात ज्यांच्याशी लग्न होऊ शकलं नसतं, त्यांच्याशी आताही होणार नाही. कायद्याने सगळं नातं कापलं आणि देहाचं तेवढं ठेवलं. आमच्या तालुक्याचंही तसंच झालं म्हणा ना. सरकार, भाषा, पोलीस, पाठ्यपुस्तकं सगळं बदललं. सोयरीक मात्र अजून उमरी, धर्माबाद, भोकरलाच.

आता माझी टोचणी. चार वर्षांपूर्वी मी माझ्या घराण्याचं टिपण मंडळात वाचलं. आठ पिढ्या, सगळ्या रेघा सरळ. त्यातली एक सरळ नव्हती आणि मला ते माहीत होतं. घरच्या पेटीत फसली १३०१ च्या एका उर्दू कागदाची नक्कल आहे. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन साधारण निघतो, म्हणजे १८९१-९२. त्यात माझ्या पणजोबांच्या नावापुढे 'मुतबन्ना' असा शब्द आहे. मुतबन्ना म्हणजे दत्तक. भैंशाच्या एका उर्दू शिक्षकांकडून मी दोनदा वाचून घेतलं. वडील गेले होते, म्हणून थोरल्या काकांना विचारलं. काका म्हणाले, "ठाऊक आहे. पण ते लिहू नको. भाऊबंद म्हणतील, तुम्ही मुळात आमचे नव्हेतच." मी लिहिलं नाही. वर त्या टिपणाच्या शेवटी 'रक्ताचं ऋण' असले शब्द वापरले. आज ते वाचताना कान तापतात.

पाहुणे येऊन गेल्यावर तो कागद पुन्हा काढला. दत्तक घेणारी माझी खापरपणजी, विधवा. मुलगा कुणाचा घेतला? तिच्या सख्ख्या भावाचा. म्हणजे भाचा. तक्त्यात जी रेघ तुटते, ती फक्त नवऱ्याच्या बाजूने तुटते. बाईच्या बाजूने तिच्या आईबापांचं रक्त पणजोबांत होतंच, आणि त्यांच्यातून आमच्यात. सव्वाशे वर्षं आम्ही घरातली लाज म्हणून जे लपवलं, त्यात रक्त तुटलेलंच नव्हतं, ते फक्त बाईकडून आलं होतं. आणि त्या बाईचं नाव आमच्या छापील तक्त्यात नाही. कागदात आहे.

इथे कुणी म्हणेल, मग सरळ म्हणा की रक्ताला काही किंमत नाही, माया महत्त्वाची. तसं मी म्हणणार नाही, आणि हे म्हणणाऱ्यांवर माझा थोडा राग आहे. आदिलाबाद भागातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तिथे 'माया महत्त्वाची' म्हणून चालत नाही, जन्मदाते कोण हे कळावंच लागतं, आणि आईसुद्धा. मुसलमानी कायद्यात सांभाळलेलं मूल जन्मदात्याच्याच नावाने ओळखलं जातं. आपल्या तालुक्यातल्या मुसलमान शेजाऱ्यांचे शजरे त्यामुळे आपल्यापेक्षा वेगळे वाचावे लागतात, हे मंडळातल्या नव्या मुलांनी समजून घ्यावं.

पण रक्ताला किंमत आहे असं म्हणायचं तर ते शेवटपर्यंत म्हणावं लागतं. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' १९८४ साली आलं. तोळ्याचे मासे बारा, अकरा माशांचं ते कमअस्सल. आई महार, बाप पाटील. बाप कोण हे गावाला ठाऊक, आणि बापाचं नाव मात्र मुलाला नाही. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ते पुस्तक दलित साहित्य म्हणून वाचलं. मी या वेळी ते वंशावळीचं पुस्तक म्हणून वाचलं, आणि आपल्या सगळ्या कुलवृत्तांतांवरची त्याच्याइतकी कडक टीका दुसरी नाही असं माझं मत झालं. दत्तकाला रक्त नसून जागा मिळते, याला रक्त असून जागा मिळत नाही. दोन्ही बाबतींत तक्ता काढणारा माणूस एकच, आणि तोंडी शब्दही एकच, 'रक्त'. जुन्या कागदांत लेकावळे हा शब्द येतो, तो याच माणसांसाठी. वाड्यात वाढले, बापाच्या शेतात राबले, लढाईत धन्यासाठी मेले. तक्त्यात त्यांना तुटक रेघसुद्धा नाही.

डीएनए चाचण्यांबद्दल थोडक्यात, कारण तरुण सभासद वारंवार विचारतात. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २०१२ मध्ये लेस्टरला एका वाहनतळाखाली सापडला. आईकडून चालत आलेल्या वंशजांशी डीएनए जुळला आणि ओळख पक्की झाली. सरदारी वंशावळीत सरळ रेघांनी जोडलेल्या पुरुषांशी मात्र वाय गुणसूत्र जुळलं नाही. मधे कुठेतरी कागदावरचा बाप खरा नव्हता. पश्चिम युरोपातल्या अभ्यासांत असं पिढीमागे साधारण एक टक्का आढळलं आहे. एक टक्का किरकोळ वाटतो, पण ०.९९ चा दहावा घात ०.९० येतो. म्हणजे दहा पिढ्यांच्या सरळ रेघांपैकी दहातली एक मुळात सरळ नाही. पाहुण्यांच्या तुटक रेघेत निदान प्रामाणिकपणा आहे. ती कुणीतरी जाणून, लिहून, चार पंचांसमोर ओढली. बाकीच्या दहा रेघांबद्दल तेवढं सांगता येत नाही.

मंडळाकडे माझी मागणी छोटी आहे. यापुढे घराण्याचं टिपण आलं तर तक्त्यावर 'घराण्याची वंशावळ' असं लिहावं, 'रक्ताची' असं लिहू नये. दत्तकाला दोन रेघा, दोन्ही सारख्या जाड. सुनांची माहेरं. मुली. आणि प्रत्येक नावापुढे ते कुठून आलं ते: शजरा, नामावळी, सातबारा, आजीची आठवण. काम वाढेल, तक्ता कुरूप दिसेल. दिसू दे.

माझ्या टिपणाची दुरुस्त प्रत मी संपादकांकडे दिली आहे. पणजोबांच्या चौकटीतून आता दोन रेघा वर जातात, एक मुधोळात, एक उमरीच्या बाजूला. काकांना तक्ता नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून खापरपणजीचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे नाव मी आजच पाहिलं."

एक चौकट अजून रिकामी आहे. आमच्या वाड्याच्या मागल्या अंगाला एक बाई राहायची, तिला एक मुलगा होता, आणि त्याच्या नाकाडोळ्यांबद्दल गावात जे बोलत ते मी लहानपणी ऐकलं आहे. त्याची नातवंडं इथेच आहेत. रोज रस्त्यात भेटतात, रामराम होतो. त्यांच्या परवानगीशिवाय मी काही लिहिणार नाही, आणि त्यांना विचारायला अजून गेलेलो नाही.